चुडतां वल्यात की सुक्यात?

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा म्हणजे भांडणं, माईकची ओढाओढ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सभेत गदारोळ’ अशी दोन कॉलमी बातमी, असा लोकांचा समज आहे. समज चुकीचा नाही. मी वर्षानुवर्षं त्या गदारोळाचं इतिवृत्त लिहिलं. दक्षिण कोकणातली, समुद्राला लागून असलेली क वर्ग, म्हणजे लहान, नगरपरिषद. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना आपलंच गाव वाटेल. तरी आज मला त्या गदारोळाच्या बाजूने लिहायचं आहे. मधली चार वर्षं प्रशासक होते, सभागृह शांत होतं, तेव्हा काय काय झालं ते मी बघितलंय. निम्मं टेबलामागून आणि निम्मं नळाखाली हंडा लावून.

मी नोकरीला लागलो तो जकात नाक्यावर. ट्रकवाल्याची बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, बघायची, पावती फाडायची, रात्रपाळीला बाकावर कलंडायचं. १९९९ मध्ये सरकारने नगरपरिषदांची जकात बंद केली, बदल्यात सहायक अनुदान सुरू केलं, आणि आम्ही नाक्यावरचे कारकून एकेक करून कार्यालयात आलो. कोण घरपट्टीत गेला, कोण जन्म-मृत्यू नोंदणीत. माझं अक्षर बरं म्हणून माझ्याकडे सभेचं टेबल आलं. अक्षर बरं असण्याची शिक्षा, असं तेव्हाचे हेडक्लार्क म्हणाले होते.

सभा सुरू होते ती नोटिशीपासून. सर्वसाधारण सभेची नोटीस सदस्याला पूर्ण सात दिवस आधी पोचली पाहिजे. दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. शिपाई सायकलवरून घरोघर फिरतो आणि वहीवर सही घेतो. एरवी हे पाच मिनिटांचं काम. पण गावात राजकारण तापलेलं असेल तर सगळे नगरसेवक अचानक घरात नसतात. एकाची मोटारसायकल दारात, चपला दारात, आतून कुकरची शिट्टी, आणि बाहेर येऊन वहिनी सांगतात, “ते मुंबैक गेलेसत.” मग दोन पंच बघून नोटीस दरवाजावर डकवायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या. पंच मिळणं हे आणखी एक काम, कारण शेजाऱ्याला त्या घराशी उद्या बोलायचं असतं. आमच्या शिपायाने शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला कायमचा पंच करून टाकला होता.

राजकारण तापायला आमच्याकडे कायद्यानेही हातभार लावला. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा की नगरसेवकांनी, हे सरकार पुन्हा पुन्हा बदलतं. २००१ ला थेट, २००६ ला नगरसेवकांतून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० मध्ये ते रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. थेट निवडीत कधी कधी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असा मेळ जमतो. तेव्हा सभेच्या टेबलावर बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. नगराध्यक्ष म्हणणार ठराव मंजूर, सभागृह म्हणणार नामंजूर. मग नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव, ठरावाला स्थगिती मिळावी म्हणून. आणि दोन्ही बाजूंचे लोक संध्याकाळी माझ्या टेबलापाशी, “तू काय लिवलंस ता दाखय.”

काय लिहायचो? तास-दीड तास आरडाओरडा झाला तरी इतिवृत्तात येतं एवढंच: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन बहुमताने मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. विरोध नोंदविणारे सदस्य पुढीलप्रमाणे.’ विरोधकांची नावं मात्र एकही न गाळता लिहायची, नाहीतर पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला, म्हणजे मागचं इतिवृत्त कायम करताना, सभा तिथेच अडकते. चर्चेत काय झालं ते माझ्या कच्च्या वहीत राहायचं. आता वाटतं, गाव त्या कच्च्या वह्यांत होतं.

पाण्याचंच घ्या. एप्रिल लागला की विहिरी खाली जातात, खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात आणि सगळा भार नळावर येतो. गाबितवाडीतून, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतून, निवडून आलेल्या एक काकी होत्या. २०११ मध्ये बायकांना निम्म्या जागा झाल्यावर आलेल्यांपैकी. सुरुवातीला त्यांचे यजमान प्रेक्षक गॅलरीत बसून खुणा करायचे. दोन-तीन सभांनंतर काकींनी भर सभेत वर बघून सांगितलं, “तुमी घराक जावा, म्हावरा वाळत घातलंय ता राखा.” त्यानंतर यजमान दिसले नाहीत.

तर काकी दर उन्हाळ्यात, विषयपत्रिकेत काहीही असो, पाण्यावर उठायच्या. “अध्यक्षानू, व्हॉलमन सांगता पाणी सोडलंय. मगे ता खय जाता? आमच्या हंड्यात काय येवक नाय. येता ता पाटे तीन वाजता. पाटे तीन वाजता उठान पाणी कोणी भरूचा?” सभागृह हसायचं. पाणीपुरवठ्याचे अभियंता नकाशा काढायचे. नकाशाप्रमाणे टाकी भरलेली, लाइन चालू, गाबितवाडीला संध्याकाळी पाणी. काकी म्हणायच्या, “तुमचो नकाशो माका नको, माझ्या वांगडा येवा.” एकदा खरंच नगराध्यक्ष, अभियंता आणि व्हॉल्व्हमन असे तिघे गेले. रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा ठेकेदाराने व्हॉल्व्हचा चेंबर डांबराखाली गाडला होता. अर्धवट बंद असलेला व्हॉल्व्ह तसाच खाली. वरच्या आळीतले लोक रात्री नळ बंद करून झोपले की मगच खाली दाब यायचा, म्हणून पहाटे तीन. कुठे खणायचं तेही काकींनीच दाखवलं, कारण चेंबरवर पूर्वी त्यांच्या सासूबाई मासे विकायला बसायच्या.

पक्क्या इतिवृत्तात ही सगळी कथा ‘प्रभागातील पाणीपुरवठा सुरळीत करणेबाबत चर्चा झाली’ एवढी आहे.

कचऱ्याचं असंच. वेंगुर्ल्याने कचऱ्याचं जे काम केलं ते आता राज्यभर माहीत आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घरापासून कचरा वेगळा करायला सुरुवात झाली, डेपोच्या जागेवर बाग उभी राहिली, बायोगॅस झाला, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात गेलं. आमच्याकडूनही अभ्यास दौरा गेला. अभ्यास दौरा म्हणजे जेवण कुठे करायचं याचा अभ्यास, असं मी मानायचो. पण या दौऱ्यावरून मंडळी खरंच गप्प होऊन परत आली. कचऱ्याच्या गाडीशी उभं राहिलं तरी वास येत नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

ठराव झाला, ओला-सुका वेगळा. आणि सभेत प्रश्न आला, “चुडतां वल्यात टाकूची की सुक्यात?” माडाची झावळं हो. त्यावर सुमारे तासभर चर्चा झाली. हिरवं चुडत ओलं, वाळलेलं सुकं, हे एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, मग सोडणांचं काय, नारळ सोलल्यावरची? तिसऱ्याने सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालांचा विषय काढला, ती ओल्यात टाकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरात कोण राहील? पत्रकार कंटाळून चहाला गेले. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा काय असणार ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तसाच आला.

पण त्या तासात असं निघालं की घंटागाडीवाले झावळं घेतच नाहीत, कारण ती गाडीत मावत नाहीत. म्हणून लोक ती वहाळात, म्हणजे ओढ्यात, लोटतात. पावसाळ्यात वहाळ तुंबून बाजारात पाणी येतं ते निव्वळ गाळामुळे नाही, चुडतांमुळे. आणि पुरुषांपैकी कोणालाच माहीत नव्हतं की मासळीची साफसफाई सकाळी गाडी गेल्यानंतर होते, म्हणजे ती घाण घरात जवळजवळ पूर्ण दिवस राहते. निर्णय झाला: आठवड्यातून एक दिवस ट्रॅक्टर फक्त झावळं-सोडणांसाठी, आणि मच्छीमार्केटच्या बाजूला गाडीची दुसरी फेरी दुपारी. हे कुठल्या सल्लागाराच्या अहवालात आलं नसतं. आमच्या आराखड्यात तर ‘उद्यान कचरा’ असा एक रकाना होता आणि तो रिकामा होता.

तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, वीज गेली ती दिवसच्या दिवस आली नाही. पंप बंद म्हणजे पाणी बंद. अशा वेळेला कलम ५८ (२) असतं: तातडीचं असेल तर नगराध्यक्ष सभेची वाट न बघता कामाचा आदेश देतात आणि नंतर ते सभेपुढे ठेवतात. या कलमाचा दुरुपयोग मी भरपूर पाहिलाय. तातडीने पेव्हर ब्लॉक बसवण्यासारखी तातडी कशी असते ते मला कळलेलं नाही. पण त्या दिवशी त्याच कलमाखाली जनरेटर आला आणि झाडं कापायला करवती आल्या. कुठल्या पाखाडीत म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, कुणाच्या छपरावर फणस पडलाय, हे सतरा नगरसेवकांना तोंडपाठ होतं. ज्यांची सभेत तोंडं बघवत नव्हती अशी दोन माणसं एकाच माडावर करवत चालवताना मी पाहिली.

त्याच वर्षाअखेर मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात, निवडणुका थांबलेल्या, आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले. आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक. सभा व्हायच्या, म्हणजे कागदावर व्हायच्या. प्रशासक एका बाजूला, आम्ही खातेप्रमुख आणि कारकून दुसऱ्या बाजूला. विषय वाचायचा, मंजूर. सूचक-अनुमोदकाचे रकाने गेले. अठ्ठावीस विषय, चहा यायच्या आत संपले. माझी कच्ची वही कोरी राहायला लागली, पक्कं इतिवृत्त मात्र सुरेख दिसायचं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर काही गोष्टी सुधारल्या. घरपट्टीची वसुली वाढली. थकबाकीदाराचं नळकनेक्शन तोडायला माणूस गेला की पूर्वी तो पोचायच्या आत नगरसेवकाचा फोन यायचा. तो आता येत नव्हता. आमच्याकडे घरपट्टी ही वेगळीच भानगड आहे. उताऱ्यावर मयत पणजोबांचं नाव, खाली ‘व इतर’, आणि ते इतर लालबागपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले. घराला कुलूप. नोटीस कुणाला लावणार? म्हणून गणपतीत कार्यालयाचा वसुली काउंटर सुरू ठेवायचा, कारण तेव्हा सगळे वारसदार एका छपराखाली असतात आणि मोदकाच्या जेवणानंतर माणूस जरा नरम असतो. मग काउंटरवर दर वर्षी तीच हुज्जत: शिक्षण कर कशाला, रोजगार हमी कर कशाला? ते राज्य सरकारचे आहेत, आम्ही फक्त गोळा करतो, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, तिच्यावरून तर भावाभावांची भांडणं काउंटरवर लागायची. तुझ्यामुळे चढली, नाही तुझ्यामुळे. प्रशासकांनी हे सगळं शिस्तीत आणलं, ते नाकारता येणार नाही. निविदांचे कागदही वेळेत हलले.

पण धक्क्यावरच्या दिव्याची गोष्ट ऐका. प्रशासकांच्या काळात गावातले जुने दिवे काढून सरसकट एलईडी लावले. काम चांगलं, विजेचं बिल खाली आलं. धक्क्यावरचा जुना पिवळा दिवा मात्र नुसता रस्त्यासाठी नव्हता. त्याचा उजेड पाण्यावर पसरायचा आणि पहाटे परतणाऱ्या होड्या त्याच्या अंदाजाने धक्क्याला लागायच्या. नवा दिवा खाली तोंड करून रस्त्यावर गोल पाडतो. एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कार्यालयात आला, माझ्याच टेबलापाशी उभा राहिला. “ह्या दिव्यात रस्त्यावरचो कुत्रो दिसता, होडी दिसणा नाय.” मी त्याला अर्ज लिहून दिला, आवक क्रमांक टाकला. अर्ज विद्युत विभागाकडे गेला. तिथून उत्तर आलं: पाहणी केली असता दिवा सुरू स्थितीत आढळला. उत्तर खरंच होतं, दिवा सुरू होता. पाहणी दुपारी केली असेल असं मला वाटतं, पण ते जाऊ दे.

पूर्वी हेच झालं असतं तर त्या वाडीच्या नगरसेवकाने सभेत उभं राहून टेबलावर हात आपटला असता, विरोधकांनी त्यात आपलं एक बिल काढून दाखवलं असतं, अभियंत्याला घाम फुटला असता, आणि पुढच्या सभेच्या आत खांबावर दुसरा दिवा दर्यात तोंड करून लागला असता. त्यात वीस टक्के कळकळ आणि ऐंशी टक्के मतांची काळजी असती, असं धरून चाला. होडीला त्याचं काय?

मी २०२४ मध्ये निवृत्त झालो तेव्हाही प्रशासकच होते. निरोप समारंभ छान झाला, नारळ, शाल, भाषणं. सभागृहातल्या खुर्च्या मात्र प्लास्टिकच्या कापडाने झाकलेल्या होत्या.

अखेर २०२५ मध्ये २ डिसेंबरला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती न्यायालयाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली, आणि तेवढे दिवस गावात प्रत्येक उमेदवार निवडून आलेला होता. सतरा खुर्च्यांच्या आता वीस झाल्या. जानेवारीत उपनगराध्यक्ष, स्वीकृत सदस्य वगैरे झालं. मी गॅलरीत जाऊन बसतो. घरची म्हणते, पगार नाही तर कशाला जाता. तिला काय सांगणार.

नवी मंडळी बरीच पहिल्यांदाच आलेली. मोबाइलवर विषयपत्रिका वाचतात, उभं राहताना “मॅडम अध्यक्ष महोदय” असं काहीतरी मिश्रण म्हणतात. माझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी आहे, ती लॅपटॉपवर थेट पक्कंच इतिवृत्त लिहिते. मी तिला एकदा म्हटलं, एक कच्ची वही ठेव. ती म्हणाली, “काका, रेकॉर्डिंग असतं ना.” असतं खरं. ते परत ऐकायला कोण बसणार हा प्रश्न मी विचारला नाही.

जुनी खोडही परत आली आहे: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. गदारोळाच्या बाजूने मी कितीही बोलत असलो तरी या एका गोष्टीवर माझा राग आहे. सभा लांबते, लोक भुकेने उठायला लागतात, आणि तेव्हा हळूच चार विषय सरकवले जातात, ज्यांची नोटीस कुणाला मिळालेली नसते. भूखंड, भाडेपट्टा, मुदतवाढ असली नाजूक बाळं याच दाराने येतात. नगरसेवकांनी भांडायचंच असेल तर तेव्हा भांडावं. पण तेव्हा सगळे पिशव्या उचलत असतात.

पुढच्या सभेची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागली आहे. पावसाळ्यापूर्वी गटारं आणि वहाळ साफ करणं, जेसीबी भाड्याने घेणं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर खरेदी, मोकाट गुरांसाठी कोंडवाड्याची दुरुस्ती, हे नेहमीचं. नववा विषय मच्छीमार्केटमधल्या ओट्यांचा लिलाव. पिढ्यान्‌पिढ्या त्या ओट्यांवर बसलेल्या बायका आणि लिलाव मागणारे नवे लोक असे दोन्हीकडचे येणार. काकी आता सभागृहात नाहीत, पण त्यांच्या सुनेचा ओटा आहे, तेव्हा त्या गॅलरीत असतीलच.

सभा सगळ्यांना खुली असते, आत जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. गॅलरीत दोनच बाकं आहेत आणि पंखा डावीकडच्या बाकावर आहे, म्हणून अकराच्या सभेला साडेदहाला या. जेवून या. नववा विषय दोनच्या आधी संपत नाही, आणि आयत्या वेळचे त्याच्यानंतर आहेत.